दर धुऱ्यावरच ठरवा!

लग्नाचा अल्बम घरी आला की काय होतं, हे काही नव्यानं सांगायला नको. शेजारणी येतात, आत्या-मावश्या येतात, चहाचे कप बाजूला सरकवून पानं उलटली जातात. ‘कित्ती गोड दिसते नवरी!’, ‘मागचा पडदा काय छान आहे!’, ‘फोटोवाला कोण होता गं?’ त्याचं नाव शेवटच्या पानावर छापलेलंच असतं, खाली मोबाईल नंबर. फोटो त्यानं काढले, नाव त्याचं हवंच, याबद्दल तक्रार नाही. पण मैत्रिणींनो, त्या ‘छान पडद्याच्या’ जागी मुळात मंगल कार्यालयाच्या भिंतीवरचा स्विचबोर्ड होता आणि एक वायर लोंबत होती. नवरीच्या चेहऱ्यावर मांडवातल्या दिव्यांचा जांभळा उजेड पडला होता. गळ्यात हार घालतानाच्या नेमक्या क्षणी कुणाचा तरी मोबाईल धरलेला हात मध्ये आला होता. हे सगळं कुणी निस्तरलं?

बहुतेक वेळा फोटोग्राफरनं नाही. त्याला सराईत श्वास घ्यायला वेळ नसतो. आज अकोला, उद्या खामगाव, परवा अमरावती. एका लग्नात दोन-तीन हजार फोटो सहज निघतात. ते निवडायचे, रंग नीट करायचे, अल्बमची पानं जुळवायची, हे काम तो बाहेर देतो. शहरातल्या लॅबला देतो, लॅबवाला पुढं आणखी कुणाला देतो, आणि असं करत करत ते काम कुठल्या तरी घरातल्या मधल्या खोलीत, देवघराशेजारच्या टेबलावर येऊन पोचतं. समोर असते एक मुलगी किंवा सून. बाळापूरसारख्या तालुक्याच्या गावात हे काम अगदी साजेसं आहे. अकोल्याला रोज एसटीनं जाऊन-येऊन नोकरी करायची परवानगी ज्या घरांत मिळत नाही, मग घर हिंदूचं असो की मुसलमानाचं, त्या घरांतही कम्प्युटरला कुणी ना म्हणत नाही. लेकरू लहान आहे, सासूबाईंना गुडघ्यांचा त्रास आहे, तरी चार पैसे कमावता येतात. हे चांगलंच आहे, आणि ते आधी मोकळेपणानं म्हटलं पाहिजे.

‘आउटसोर्सिंग’ हा शब्द कानाला मोठा वाटतो, पण आपल्याला ही रीत नवी नाही. साडीच्या दुकानातून फॉल-पिकोला साड्या घरी येतात, ते काय असतं? इथं साडीऐवजी फोटो येतो, एवढंच. फरक असला तर अंतराचा आहे. फॉलची साडी गल्लीतून येते, फोटो मात्र पुण्याहून येतो, कधी अमेरिकेतूनही येतो. तिकडचे लग्नाचे फोटोग्राफर आणि कपडे-दागिने विकणाऱ्या कंपन्या फोटोंचं काम भारत, बांगलादेश, फिलिपिन्स, व्हिएतनाम अशा देशांत पाठवतात. मजुरी स्वस्त हे एक कारण, घड्याळ हे दुसरं. न्यूयॉर्कला उन्हाळ्यात संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेचार वाजलेले असतात. त्यानं झोपताना फोटो पाठवायचे आणि उठल्यावर तयार घ्यायचे. फाईल जड म्हणून आता अडत नाही. मूळ फोटो न पाठवता त्याची हलकी प्रत पाठवायची, तिच्यावर केलेले बदल तिकडे मूळ फोटोला लागतात, ही सोयही २०१३ पासून आली आहे. गावातलंच काम असेल तर हार्ड डिस्क आजही ट्रॅव्हल्सच्या गाडीतून येते, ती गोष्ट वेगळी!

आता या कामात असतं काय? घरातले म्हणतात, ‘काई नाई वं, दिसभर त्या कम्प्युटरपाशी बसली रायते. बसल्या बसल्या चार पैसे भेटते.’ या ‘बसल्या बसल्या’ शब्दांवरच माझा आक्षेप आहे. एका मुंडावळ्यांचं उदाहरण घ्या. नवरीचा फोटो मागच्या गर्दीतून कापून दुसऱ्या पार्श्वभूमीवर बसवायचा असेल, तर कडेनं बिंदू-बिंदू टाकत जावं लागतं. खांदा सोपा, पदर जरा अवघड, आणि कपाळावरून गालावर लोंबणारे मुंडावळ्यांचे मोती, नथीचा आकडा, कानामागून सुटलेल्या केसांच्या बटा म्हणजे डोळ्यांत पाणी आणणारं काम. मोत्यामोत्यातून मागचा पिवळा शर्ट दिसतो, तो मोत्यामोत्यातूनच काढावा लागतो. अल्बमचं एक मोठं पान बारा बाय छत्तीस इंचांचं. छपाईसाठी इंचाला तीनशे ठिपके धरले तर त्या एका पानात ३ कोटी ८८ लाखांवर ठिपके होतात. स्क्रीनवर न दिसलेली चूक छापल्यावर दिसते. हळदीच्या फोटोत हळदीचा पिवळा ठेवायचा, पण अंगावरचा पिवळेपणा काविळीसारखा दिसू द्यायचा नाही. एक शालू सकाळच्या उन्हातल्या फोटोत, हॉलमधल्या फोटोत आणि रात्रीच्या रिसेप्शनच्या फोटोत एकाच रंगाचा दिसला पाहिजे. याला नजर लागते, आणि ती बसल्या बसल्या येत नाही, वर्षा-दोन वर्षांनी येते.

हे काम आधीही होतंच. रोलच्या जमान्यात स्टुडिओतल्या अंधाऱ्या खोलीत निगेटिव्हवर टोकदार शिसपेन्सिलीनं चेहऱ्यावरचे डाग भरणारे कारागीर असायचे, काळ्या-पांढऱ्या फोटोंत ब्रशनं गालांवर रंग चढवणारे असायचे. त्यांची नावं कुणाला माहीत आहेत? बाई आणि फोटोचा धंदा हे नातंही जुनं आहे. राजा दीनदयाळ या नामांकित छायाचित्रकारानं १८९२ मध्ये हैदराबादेत पडद्यातल्या बायकांसाठी खास जनाना स्टुडिओ काढला, तो सांभाळायला एक इंग्रज बाई नेमली होती. आणि होमाई व्यारावाला? देशातली पहिली महिला वृत्तछायाचित्रकार. २०११ मध्ये पद्मविभूषण मिळालेल्या या बाईचे सुरुवातीचे फोटो छापले गेले ते नवऱ्याच्या नावानं! कॅमेरा हातात असलेल्या बाईची ही गत, तर कॅमेऱ्याच्या मागे, त्याच्याही मागे, घरात बसलेल्या मुलीला कोण विचारणार?

बाळापूरलाच पाहा ना. मिर्झाराजे जयसिंगांच्या नावाच्या छत्रीमुळे आणि नद्यांच्या काठच्या किल्ल्यामुळे हे गाव आपल्याला ठाऊक आहे, पण एके काळी हातकागद आणि सतरंज्यांसाठीही ते वऱ्हाडात नावाजलेलं होतं. हातमागाच्या घरात विणकर म्हणून नाव लागतं मागावर बसणाऱ्याचं. सूत उकलणारी, कांड्या भरणारी त्याची बायको-लेक ‘मदत करतात’. त्यांचे तास मजुरीत कुणी धरत नाही. घरात होणाऱ्या बाईच्या कामाचं हेच झालं आहे, मग हातात सूत असो, सुई असो की माऊस असो.

म्हणून थोडा हिशेब मांडू. आकडे नमुन्याचे आहेत, आपापले घालून बघा. समजा, अल्बमच्या एका शीटचे ६० रुपये ठरले. चाळीस शीटचे झाले २,४००. ऐकायला बरे वाटतात. आता तास मोजा. फोटो निवडून रंग सारखे करायला दहा तास. अर्ध्या तासाला एक शीट धरली तर वीस तास. मग सुरू होतात दुरुस्त्या. ‘आत्याबाईंचा फोटो मोठा घ्या.’ ‘नवरदेवाच्या काकांचा एकही नाही, नाराज झाले.’ ‘तो निळा रंग नको, गुलाबी करा.’ तीन फेऱ्यांचे दहा तास. म्हणजे चाळीस तासांचे २,४००, तासाला ६० रुपये. महिन्यात असे चार अल्बम केले तर एकशे साठ तासांचे ९,६०० झाले. त्यातून नेटचे ७००, विजेचे ५००, आणि पन्नास हजारांचा कम्प्युटर चार वर्षं चालतो असं धरलं तर त्याच्या झिजेचे महिन्याला हजार काढा. हातात उरले ७,४००. तासाला शेहेचाळीस. चारांतल्या एका अल्बमचे पैसे बुडाले की राहिले ५,०००, तासाला एकतीस! आणि पैसे बुडणं ही काही क्वचित होणारी गोष्ट नाही. ‘पार्टीनंच दिले नाही, तुला कुठून देऊ?’ हे वाक्य ऐकलेली मुलगी शोधायला फार लांब जावं लागत नाही.

आता दुसरीकडे बघा. दिवाळीच्या आसपास आपल्याकडे कापूस फुटतो, वेचणी सुरू होते. बाया भल्या सकाळी निघतात. पण शेतात पाय ठेवायच्या आधी धुऱ्यावर उभ्या राहून बोलणं होतं. किलोला किती? पहिला वेचा आहे की शेवटचा? कापूस दाट आहे की पातळ? काटा कुणाचा? पातळ असेल तर दर वाढवून मागतात, नाही पटलं तर टोळी दुसऱ्या शेतात जाते. त्यांतल्या कितीतरी जणी शाळेची पायरी चढलेल्या नाहीत. आणि एमएस-सीआयटी झालेली, डीटीपी शिकलेली, इंग्रजीतून सूचना वाचून काम करणारी आपली मुलगी आधी अख्खा अल्बम करून देते आणि मग भीत भीत विचारते, ‘दादा, किती द्याल?’ असं का होतं?

कारणं दोन. वेचणीच्या बाया टोळीनं असतात, ही एकटी असते. आणि वेचणी हे काम आहे, याबद्दल गावात कुणाला शंका नसते. या मुलीच्या कामाबद्दल मात्र तिच्या घरालाच शंका असते. ती पडद्याकडे बघत बसली असताना कुणीही हाक मारतं, ‘जरा चहा टाक वं’. पाहुणे आले की कम्प्युटर बंद. सगळे झोपल्यावर रात्री अकराला तो पुन्हा सुरू होतो आणि दोनपर्यंत चालतो. सकाळी पाच वाजता पाणी भरायचंच असतं. डोळे लाल झाले की ‘मोबाईल बघत बसते रात्रभर’ हेही तीच ऐकून घेते.

आणखी एक गोष्ट मनात सलते. फोटोबरोबर येणाऱ्या सूचनांत एक ओळ ठरलेली असते, ‘नवरीला जरा गोरी करा.’ शालूच्या रंगाबद्दल, दागिन्याच्या चमकेबद्दल सूचना बदलतात, ही मात्र बदलत नाही. २०२० मध्ये एका प्रसिद्ध क्रीमनं नावातला ‘फेअर’ शब्द काढून टाकला. त्याच वर्षी लग्न जुळवणाऱ्या एका मोठ्या संकेतस्थळानं रंगावरून स्थळ शोधायची सोय काढली. पेपरात आलं, आपण वाचलं, बरं वाटलं. पण माऊसची सरकपट्टी रोज उजवीकडे जातेच आहे. ती सरकवणाऱ्या मुलीला कदाचित मागच्याच महिन्यात ‘रंग जरा कमी पडतो’ म्हणून नकार आलेला असतो. तिनं काय करावं? ‘उजेड सुधारते, पण रंग बदलत नाही, नवरी नवरीसारखीच दिसू द्या,’ असं म्हणावंसं वाटतं तिला. पण ज्याच्याशी दरावरून बोलायची हिंमत नाही, त्याच्याशी रंगावरून कशी बोलणार? आपल्या कामाची किंमत आपण सांगू लागलो की आपलं मतही सांगता येतं, असा माझा अनुभव शिवणकामापासून शाळेपर्यंत सगळीकडचा आहे.

कुणी म्हणेल, आता हे बोलून काय उपयोग? एआय आलं ना! बरोबर आहे. मागची गर्दी काढून टाकणं, नको तो माणूस पुसणं, जागा भरून काढणं ही कामं २०२३ पासून फोटोशॉपमध्येच शब्द लिहून करता येऊ लागली. एखाद्या फोटोग्राफरच्या जुन्या फोटोंवरून त्याची रंगाची आवड शिकून नवे फोटो मिनिटांत तयार करणारी सॉफ्टवेअरंही आली आहेत. (ते जुने फोटो तयार कुणी केले होते, हे विचारायचं नाही!) नुसतं कापाकापीचं काम यापुढं कमी होणार, त्याचा दर पडणार, हे लपवण्यात अर्थ नाही. पण म्हणूनच आत्ता बोललं पाहिजे. कारण यंत्राला जे कळत नाही, ते या मुलींना कळतं. आजीच्या कपाळावरचं हिरवं गोंदण यंत्राला डाग वाटू शकतं. अक्षता फोटोवरची धूळ वाटू शकतात. सप्तपदी आधी की मंगळसूत्र आधी, कन्यादानाच्या पानावर मामाचा फोटो का हवाच, निकाहच्या अल्बममध्ये कुठला क्षण कुणी कुणाला दाखवायचा नसतो, हे ठरवायला त्या घरांतलंच कुणी लागतं. परदेशी नवरीच्या गालावरचे तपकिरी ठिपके आपल्या मुलीला वांग वाटतात आणि ती पुसून टाकते, मग तिकडून फोटो परत येतो, कारण ते ठिपके त्या नवरीला प्रिय असतात! एकमेकींचे चेहरे असे शिकावे लागतात. दर मागायचा तो या जाणतेपणाचा.

तर मग करायचं काय? पहिलं म्हणजे दर कागदावर. शीटचा किती, नुसत्या रंगकामाचा फोटोमागे किती, दुरुस्तीच्या किती फेऱ्या त्यात धरल्या आणि पुढच्या फेरीला किती जादा, हे एका पानावर लिहून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं आणि ‘मान्य’ असं उत्तर आल्याशिवाय काम उघडायचं नाही. भांडायची गरज नाही, गोड बोलून पाठवायचं. तिसरा हिस्सा आगाऊ मागायचा. पैसे स्वतःच्या खात्यावर, नवऱ्याच्या नाही, दादाच्याही नाही. आणि तास वहीत लिहायचे. महिन्याच्या शेवटी ती वही घरात वाचून दाखवायची. एकशे साठ तास हा आकडा ऐकला की ‘बसली रायते’ म्हणणारेही जरा थांबतात.

दुसरं, नोंदणी. केंद्र सरकारची उद्यम नोंदणी २०२० पासून आहे, ती फुकट होते, आधार आणि पॅन लागतं, दुकानाची पाटी लागत नाही, घरूनही करता येते. तिचा उपयोग असा की २००६ च्या सूक्ष्म-लघू उद्योगांच्या कायद्याप्रमाणे अशा नोंदणीकृत छोट्या उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागतं आणि तक्रारीची सोय आहे. फोटोग्राफरवर कुणी लगेच केस करणार नाही, हे मलाही कळतं. पण बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला की समोरच्याचं बोलणं बदलतं. असंघटित कामगारांसाठी २०२१ मध्ये ई-श्रम कार्ड सुरू झालं, त्यात घरी बसून काम करणाऱ्याही येतात. विडी वळणाऱ्या बायांना १९६६ च्या कायद्यानं घरी बसूनही कामगार म्हटलं, ओळखपत्र मिळायची वाट झाली. विडीला जे मिळालं, ते माऊसला का मिळू नये?

तिसरं, नाव. पैसे देऊन काढवून घेतलेल्या फोटोचा मालकी हक्क, वेगळा करार नसेल तर, कायद्यानं तो काढवून घेणाऱ्याचा, त्यावर आपण सांगणार नाही. पण शेवटच्या पानावर फोटोग्राफरच्या नावाखाली लहान अक्षरांत ‘अल्बम सजावट’ म्हणून एक नाव छापायला शाई किती लागते? दरपत्रकातच ती अट घाला. आणि त्याबरोबर जबाबदारीही घ्या. लोकांच्या घरचे फोटो आपल्याकडे विश्वासानं येतात. नवरी तयार होतानाचे, पाठवणीत रडतानाचे. ते आपल्या स्टेटसवर जाणार नाहीत, पैसे मिळाल्यावर ठरलेल्या मुदतीत पुसले जातील, हेही लिहून द्या. अशी लेखी हमी देणाऱ्या मुलीला काम शोधावं लागत नाही.

आणि चौथं, टोळी. गावात हे काम करणाऱ्या पाच-सहा जणी तरी निघतील. त्यांनी महिन्यातून एकदा भेटावं. कुणी किती दर घेतं, कोण पैसे बुडवतं, कुठलं नवं सॉफ्टवेअर शिकायला हवं, हे एकमेकींना सांगावं. एकीनं साठ म्हटल्यावर दुसरीनं चाळीस म्हणू नये, एवढं जरी ठरलं तरी पुष्कळ झालं. बचत गट चालवायची सवय आपल्या बायांना आहेच.

फोटोग्राफर बंधूंनाही एक सांगणं आहे. तुमचाही धंदा सोपा नाही, पार्टी तुम्हालाही रडवते, हे मान्य. पण तुम्ही लग्नघराकडून बुकिंगच्या दिवशी आगाऊ घेता ना? मग त्यातला हिस्सा पुढं द्यायला काय हरकत आहे?

तुळशीचं लग्न लागलं की सराई सुरू होईल, आणि पहिली हार्ड डिस्क घरी येईल. त्याआधी मैत्रिणींनो, एक संध्याकाळ काढा, वही-पेन घ्या आणि आपलं दरपत्रक लिहून ठेवा. शेजारच्या दोघींनाही लिहायला लावा. काम आलं की आधी ते पान पाठवा, आणि डिस्क मगच कम्प्युटरला लावा.